आत काहीच फिरत नाही

आमच्या नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या कंपनीत ‘देवरणे’ असं एक क्रियापद होतं. कुणी चाचणीचा रिपोर्ट घाईघाईत तयार केला, की शेजारचा विचारायचा, "देवरून आणलास का?" म्हणजे देवरे सरांनी तो तपासला का. तपासून आलेल्या कागदावर लाल शाई ठरलेली. दशांश चिन्हापुढचा एखादा आकडा सोयीसाठी वर ढकललेला दिसला, तर सर त्याच्याभोवती गोल काढायचे आणि शेजारी लिहायचे, ‘असं कोण म्हणतं?’

याच माणसाला मी भर बैठकीत, माझ्या डोळ्यांत बघत खोटं बोलताना ऐकलं आहे. आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. पण ते तीन शब्द आठवले, की आजही मला बसल्या जागी गार पडल्यासारखं होतं.

सर मूळचे सटाण्याकडचे, पण वाढले देवळाली कॅम्पात. वडिलांचं तिथे फौजी गणवेश शिवण्याचं दुकान होतं. सर उंच होते, खांद्यांत थोडे वाकलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि त्याच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक स्क्रूड्रायव्हर. चहा घ्यायचे नाहीत. दुपारी भाकरी आणि लसणाची चटणी उभ्या उभ्या खायचे, आणि खाताना समोरच्या यंत्राशी बोलायचे. "काय झालं तुला? सकाळी तर बरं होतं." मी नवीन होते तेव्हा एकदोनदा मला वाटलं, ते माझीच चौकशी करताहेत, आणि मी उत्तरही दिलं.

तोंडदेखलं बोलणं त्यांना जमायचंच नाही. कॅन्टीनच्या मंगलताईंनी कौतुकाने विचारलं, "सर, पोहे कसे झालेत?" तर सर म्हणाले, "मीठ कमी आहे आणि शेंगदाणे कच्चे आहेत. कालच्यापेक्षा मात्र बरे." मंगलताई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नंतर मात्र नवीन काही केलं की पहिली ताटली सरांपुढे. "बाकीचे सगळे छान छानच म्हणतात हो," त्या म्हणायच्या, "त्यांचं काय खरं धरायचं?"

एकदा माल भरून ट्रक निघायच्या बेतात होता. सरांना कळलं, की एका खोक्यातल्या यंत्राची चाचणी अर्धवटच झालीय. आमचे मालक पिंगळे साहेब म्हणाले, "एकच आहे ना? जाऊ द्या, पुढच्या खेपेला बदलून देऊ." सरांनी सुरक्षारक्षकाचं स्टूल उचललं, गेटच्या मधोमध ट्रकसमोर टाकलं आणि त्यावर बसून चाचण्यांचे कागद वाचू लागले. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पिंगळे साहेब कपाळाला हात लावून उभे, आणि सर पान उलटताहेत. शेवटी सगळी खोकी उतरवून ते एक यंत्र शोधलं. चाचणी घेतली तर ते व्यवस्थित होतं! आम्ही हसलो. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "आता व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "मघाशी आपल्याला माहीत नव्हतं."

आम्ही जे बनवायचो त्याला लायडर म्हणतात. लेझरचा किरण समोर सोडायचा, तो वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की अंतर कळतं. पण एकच किरण एकाच ठिकाणी मारून भागत नाही. तो डावीकडून उजवीकडे झाडूसारखा फिरवावा लागतो, तेव्हा समोरचं सगळं दृश्य ठिपक्याठिपक्यांनी पडद्यावर उमटतं. किरण फिरवायला आम्ही मोटरवर गरगरणारा छोटा आरसा वापरायचो. त्या आरशांची लाइन माझ्याकडे होती. मी आणि सलीमभाई, आमचे जुने फिटर, एकेक आरसा फिरवून बघायचो. तो जराही डुगडुगला तर मागच्या बाजूला मी इपॉक्सी डिंकाचा बारीक थेंब लावून त्याचा तोल साधायची. असे किती आरसे माझ्या हाताखालून गेले असतील, देव जाणे.

पण आरसा फिरणार म्हणजे झिजणार. गाडीवर बसवला की धक्के खाणार, धूळ खाणार. देवरे सरांना हे फिरणंच नको होतं. नखाएवढ्या चिपवर प्रकाशासाठी केसापेक्षा बारीक वाटा शेजारी शेजारी कोरायच्या, आणि काहीही न हलवता किरण वळवायचा, हा त्यांचा ध्यास होता. सलीमभाईंनी एकदा विचारलं, "पण सर, काही हललंच नाही तर उजेड वळणार कसा?"

सरांनी जेवणाची सुट्टी संपायच्या आत आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं. एका रांगेत, हातात हात. मंगलताईसुद्धा पदर खोचून आल्या. "सगळ्यांनी नाकासमोर चालायचं," सर म्हणाले. "फक्त डावीकडच्याने आधी पाऊल टाकायचं, त्याच्या शेजारच्याने किंचित उशिरा, त्याच्या शेजारच्याने आणखी उशिरा." आम्ही हसत, अडखळत निघालो. चार पावलांत आमची सरळ रांग तिरकी झाली. सर टाळ्या वाजवायला लागले. "कुणी वळलं का? कुणीच नाही. तरी रांगेचं तोंड वळलं! लहानपणी कॅम्पात जवानांची कवायत बघायचो, तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. चिपमधल्या प्रत्येक वाटेतला प्रकाश मी असाच जरा जरा उशिरा सोडणार. वाटेला किंचित ऊब दिली, की तेवढं जमतं."

सलीमभाई रांगेतून बाहेर येत म्हणाले, "समझ में आया." आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "मॅडम, आपली लाइन गेली म्हणा."

जानेवारीतल्या एका सकाळी सरांनी आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं. नाशिकची थंडी, सगळे स्वेटरमध्ये. पडद्यावर खोलीतल्या खुर्च्या, दार, दारातले आम्ही, सगळं ठिपक्यांत उमटलं होतं. यंत्रात फिरणारं काहीही नव्हतं. मी स्वतः उघड्या यंत्रात बघितलं: एक चिप, चार तारा, बस. सर आनंदले की त्यांच्या तोंडून आईची अहिराणी यायची. "भलतं भारी शे!" ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पिंगळे साहेबांनी पुण्याच्या एका कंपनीशी बोलणं लावलं. कारखान्यांत, गोदामांत माणसांमधून आपोआप माल नेणाऱ्या छोट्या गाड्या ते बनवणार होते. त्या गाड्यांचे डोळे आम्ही द्यायचे. आमची आरशांची लाइन बंद झाली. सलीमभाईंना पॅकिंगमध्ये टाकलं. जाताना त्यांनी आपला पाना माझ्या टेबलावर ठेवला. "फिरणारी चीज बिघडते, कबूल आहे मॅडम. पण बिघडली की आवाज तरी देते." मी त्यांना म्हटलं, "सलीमभाई, सरांनी केलंय म्हणजे विचार करूनच केलंय ना सगळं." मला खरंच तसं वाटत होतं.

एप्रिलमध्ये पुण्याची माणसं पहिल्यांदा आली. अंगणात ऊन रणरणत होतं. सरांनी काळा, सीलबंद डबा एका गाडीवर बसवला. धूळ जायला नको म्हणून तो फक्त तेच हाताळायचे. गाडी चालली, माणसं आडवी गेली, गाडी थांबली, वळसा घालून पुढे गेली. पडद्यावरचं चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. पुण्याच्या प्रमुख बाईंनी टाळ्या वाजवल्या. करार करायला पंधरवड्याने पुन्हा येतो म्हणाल्या. पिंगळे साहेबांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. सरांनी घेतली नाही. गोड त्यांना चालत नसे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, अख्ख्या अंबडची वीज गेली.

औद्योगिक वसाहतीत वीज जाते तेव्हाची शांतता ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगून कळणार नाही. कॉम्प्रेसर, लेथ, शेजारचा प्रेस, पंखे, सगळं एका क्षणात थांबतं आणि कान दुखायला लागतात. मी प्रयोगशाळेत एकटी होते. सर जनरेटरचं बघायला बाहेर गेले होते. काळा डबा टेबलावर बॅटरीवर चालू होता.

आणि तो गुणगुणत होता.

अगदी बारीक, एकसुरी आवाज. मी तो ओळखला नाही असं झालंच नसतं. तो आवाज मी कित्येक वर्षं दिवसभर ऐकत होते. तरीही माझा विश्वास बसेना. मी डब्यावर तळवा ठेवला. डबा थरथरत होता.

"काय करतेस वैशाली?" सर दारात उभे होते.

"सर, हा डबा थरथरतोय."

मला वाटलं ते काहीतरी कारण सांगतील. ते सांगतील ते कारण मी आनंदाने मानलं असतं. पण त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्यापुढे धरला.

"उघड," ते म्हणाले.

मी चारी स्क्रू काढले. झाकण उचललं. आत आरसा फिरत होता. त्यांनी बटण बंद केलं तसा तो मंदावत मंदावत थांबला, आणि त्याच्या पाठीवर मला इपॉक्सीचा थेंब दिसला. माझ्या हातचा. ती माझीच बंद पाडलेली लाइन होती. तिच्यातलंच एक यंत्र या डब्यात बसून टाळ्या मिळवत होतं.

 मी झाकण टेबलावर ठेवलं.

"चिपही आहे बघ," सर म्हणाले. "खाली. जोडलेली नाही."

"का?"

"थंडीत चालते. ऊन वाढलं की किरण सरकतो. मार्चपासून सरकतोय. शिवाय बाजूला खोटे किरण निघतात, एका खांबाचे दोन दिसतात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"लाइन बंद झाली होती, वैशाली. माझ्या शब्दावर." ते हे एखाद्या नोंदीसारखं म्हणाले. "दुरुस्त होणारच आहे. एक-दोन महिने लागतील. दुरुस्त झाल्यावर त्यांना जे दिसेल, तेच मी आत्ता दाखवलं."

"सर, त्या गाड्या माणसांमधून चालणार आहेत. माणूस असतो तिथे न दिसता दोन हात बाजूला दिसला तर?"

त्यांनी झाकण उचलून डब्यावर परत बसवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. ते येतील तेव्हा मी स्वतःच सांगतो."

मी घरी गेले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय.  पुढचे दिवस मी सरांना नुसती बघत होते. माणूस तसाच्या तसा होता! भाकरी खात होता, यंत्राशी बोलत होता. एका नव्या मुलाने आलेखातली वाकडी रेघ थोडी सरळ करून आणली, तर सर त्याला म्हणाले, "वाकडी आहे तर वाकडीच दाखव. तू कोण तिला सरळ करणारा?" मी शेजारच्या टेबलावर होते.  त्यांचा आवाज जराही बदलला नव्हता. त्यांना आतून काही टोचत असेल तर ते बाहेर कुठेच दिसत नव्हतं.

करार करायला पुण्याची माणसं आली. बैठकीच्या खोलीत पिंगळे साहेब, आमचे चारपाच इंजिनिअर, मी आणि सर. काळा डबा टेबलाच्या मधोमध. सर उभे राहिले आणि बोलू लागले. मी वाट बघत होते. आता सांगतील. पहिला भाग झाला, दुसरा झाला. आता सांगतील. त्यांनी गाड्यांबद्दल सांगितलं, धुळीबद्दल सांगितलं. खोलीतला एसी चालू होता, डब्यातून येणारं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, एक शेवटचं. आमच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. आत फिरणारा एकही भाग नाही ना?"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, शांतपणे. आणि म्हणाले,

"एकही भाग नाही."

माझ्या कानात वीज गेल्यासारखी शांतता झाली. मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला. "सर, आत आरसा आहे."

पिंगळे साहेब हसले. त्यांना वाटलं मी काहीतरी चुकीचं बोलले. "वैशाली, अगं..."

"हो, आहे," देवरे सर म्हणाले.

त्याच आवाजात! पहिलं वाक्य ज्या आवाजात म्हणाले, दुसरंही त्याच आवाजात. कुणीतरी दशांशाची चूक दाखवावी आणि ती मान्य करावी तसं. "वैशाली बरोबर सांगते आहे. दाखवतो." त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, डबा उघडला आणि सगळ्यांसमोर आरसा बाहेर काढून ठेवला. मग चिप कुठे आहे, ती थंडीत कशी चालते, उन्हात किरण का सरकतो, कशाने दुरुस्त होईल, हे त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. इतकं सुंदर मी त्यांना कधी समजावताना ऐकलं नव्हतं. पुण्याची माणसं आ वासून ऐकत होती. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. पिंगळे साहेब दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते, आणि सर फळ्यावर किरण काढत होते.

अखेर बाईच म्हणाल्या, "पुरे."

सरांनी डस्टरने फळा पुसला, खडू जागेवर ठेवला आणि ते खोलीतून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. नंतरही आले नाहीत.

करार अर्थातच गेला. काही दिवस कंपनीत माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. एकाने तर तोंडावर विचारलं, "मॅडम, बैठकीआधी साहेबांना एकटं गाठून सांगता आलं नसतं?" मी म्हटलं, "ते स्वतः सांगणार होते." त्याला ते पटलं नाही. सलीमभाई मात्र पॅकिंगमधून उठून आले, पाना परत घेतला, आणि आरशांची लाइन आम्ही पुन्हा सुरू केली. जुन्या गिऱ्हाइकांवर कंपनी कशीबशी तगली. मंगलताई रोज विचारायच्या, "पण ते असं का वागले हो?"  खोटारडा माणूस खोटं बोलला तर राग येतो. हे काय होतं त्याला माझ्याकडे नाव नव्हतं. मी त्यांना दोनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

चिप पुढे आमच्या इंजिनिअर मुलांनीच चालती केली. चिपवरच तापमान मोजायची सोय केली, आणि किरण जेवढा सरकेल तेवढा मागे आणण्याचं गणित बसवलं. प्रकाशाच्या वाटांमधली अंतरं कमीजास्त करून बाजूचे खोटे किरणही घालवले. बहुतेक सगळ्या कल्पना सरांच्याच होत्या, त्या दिवशी फळ्यावर काढलेल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात कंपनीच्या गच्चीवर, पत्रा तापलेला असताना आम्ही ती तपासली. समोरचा खांब एकच दिसला, आणि जिथे होता तिथेच दिसला.

त्यानंतर काही महिन्यांनी मी आणि माझा नवरा घोटीला तांदूळ घ्यायला गेलो होतो. तो गाडीत थांबला, मी भातगिरणीत गेले. तिथे काळा दाणा ओळखून हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणारं यंत्र असतं. त्याच्याजवळ एक उंच माणूस उकिडवा बसून काच पुसत होता. केसांवर, भुवयांवर, शर्टावर कोंड्याची पांढरी भुकटी.

"शेठ, यंत्राला नावं ठेवू नका," तो गिरणीवाल्याला सांगत होता. "तुमच्या भातातच खडे आहेत."

"सर?"

त्यांनी वर बघितलं. "अरे, वैशाली!" इतके खूश झाले, जणू मी रजेवरून परत आले होते. "तांदूळ घ्यायला? त्या कोपऱ्यातला घेऊ नकोस. जुना म्हणून विकतात, नवाच आहे तो." गिरणीवाला चपापला.

 मी म्हटलं, "सर, चिप चालली."

काचेवरचं फडकं थांबलं. "उन्हात?"

"उन्हात. मे महिन्यात, गच्चीवर."

"बाजूचे किरण?"

"गेले."

"सरकत नाही?"

"नाही."

ते हळूहळू उठून उभे राहिले. भिंतीला हात टेकवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता ते म्हणतील. माफी म्हणा, खंत म्हणा, काहीही. आणि मीही मनातल्या मनात शब्द जुळवायला लागले होते, की असू दे सर, झालं ते झालं.

"म्हणजे," ते म्हणाले, आणि त्यांच्या पांढऱ्या भुवयांखाली एक निखळ, मोकळं हसू पसरत गेलं, "म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो."

ते थट्टेने म्हटलेलं नव्हतं. चेहऱ्यावर फक्त सुटका होती. इतके दिवस अडून राहिलेली एखादी चाचणी अखेर बरोबर निघाली, की माणसाचा चेहरा होतो, तसा.

मी तांदूळ न घेताच निघाले. कशी चालत गाडीपर्यंत आले मला ठाऊक नाही. "अगं, पोतं कुठे?" नवऱ्याने विचारलं. मी मागे वळून बघितलं. सर गिरणीच्या दारात उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, आणि दोन्ही हात वर करून मला निरोप देत होते.

मला हात वर करता आला नाही.